कुत्र्याच्या गुदग्रंथी : कार्य, विकार आणि निगा

पाळलेला कुत्रा चालता चालता मध्येच थांबतो, फरशीवर बसतो आणि पुढच्या दोन पायांच्या जोरावर आपला पार्श्वभाग जमिनीला घाशीत चार-पाच हात सरकत जातो. कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत हे दृश्य केव्हा ना केव्हा दिसतेच. लहान मुलांना त्याचे हसू येते. मोठी माणसे ‘जंत झाले असतील’ असे म्हणून जंतांचे औषध आणवतात. औषध दिले जाते, काही दिवस जातात आणि कुत्रा पुन्हा जमिनीला घासू लागतो. पुन्हा औषध दिले जाते. असे होता होता एके दिवशी कुत्रा खाली बसेनासा होतो, शेपटीजवळ हात नेताच गुरगुरतो, आणि गुदद्वाराच्या बाजूला लालबुंद फुगवटा आलेला दिसतो.

अशा वेळी दोष बहुधा जंतांचा नसतो. तो गुदग्रंथींचा असतो. ह्या ग्रंथी प्रत्येक कुत्र्याला असतात, परंतु कुत्रा पाळणाऱ्या कित्येकांना त्यांचे नावही ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांच्यापैकी काहींचा असा समज झालेला असतो की, त्या दर महिन्याला पिळून रिकाम्या केल्याच पाहिजेत. अज्ञान आणि अतिदक्षता ही दोन्ही कुत्र्याला सारखीच त्रासदायक होतात. म्हणून ह्या ग्रंथी कोठे असतात, कशासाठी असतात, त्या बिघडतात का आणि बिघडल्या असता काय करावे, ह्याचा क्रमाने विचार करू.

ग्रंथींची जागा व रचना

कुत्रा पाठमोरा उभा आहे आणि त्याचे गुदद्वार हे घड्याळाच्या तबकडीचे मध्य आहे अशी कल्पना करावी. चार आणि आठ हे आकडे जेथे येतील, साधारण तेथे, कातडीच्या आत एकेक लहान पिशवी असते. कुत्र्याच्या आकारमानाप्रमाणे ती वाटाण्याएवढी किंवा लहान द्राक्षाएवढी असते. नर व मादी ह्या दोघांतही ती आढळते. मांजरालाही अशा दोन पिशव्या असतात.

गुदद्वार आवळून धरणारे दोन वलयाकार स्नायू असतात, एक आतले आणि एक बाहेरचे. ह्या दोन वलयांच्या मधोमध ही पिशवी बसविलेली असते. तिच्यातून एक बारीक नळी निघते आणि गुदद्वाराच्या कडेशी, जेथे बाहेरची कातडी संपून आतील अस्तर सुरू होते तेथे, सूक्ष्म छिद्राने उघडते. व्यवहारात ह्या पिशव्यांनाच गुदग्रंथी म्हणतात. वस्तुतः ग्रंथी पिशवीच्या व नळीच्या भिंतीत असतात आणि पिशवी ही केवळ त्यांची साठवणीची जागा होय. ह्या ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. काही तेलकट द्रव्य स्रवतात, तर काही घर्मग्रंथींच्या जातीच्या असून पातळ द्रव स्रवतात. हे दोन्ही स्राव आणि अस्तराच्या झडलेल्या पेशी पिशवीत एकत्र साठतात.

ह्या मिश्रणाला नासक्या मासळीसारखा उग्र दर्प असतो. त्याचा रंग मात्र ठराविक नसतो. निरोगी कुत्र्यातही तो पिवळसर, करडा किंवा तपकिरी असू शकतो. कोठे पाण्यासारखा पातळ तर कोठे दाट आढळतो. म्हणून स्रावाचा नुसता रंग पाहून रोग झाला असे ठरविणे चुकीचे होय.

निसर्गाने ही योजना का केली असावी?

दोन कुत्रे प्रथम भेटतात तेव्हा एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात. मनुष्याला हा प्रकार ओंगळ वाटतो, परंतु कुत्र्याच्या दृष्टीने ती ओळखदेख असते. कुत्र्याचे जग मुख्यतः गंधाचे आहे, आणि ज्या गंधांवरून एक कुत्रा दुसऱ्याला ओळखतो त्यांत गुदग्रंथींच्या गंधाचाही वाटा असतो. विष्ठा बाहेर पडताना तिच्यावर हा स्राव थोडासा लागतो, आणि ‘मी येथून गेलो’ अशी खूण मागे राहते.

अशी व्यवस्था मांसाहारी गणातील पुष्कळ प्राण्यांत आढळते. अमेरिका खंडात स्कंक नावाचा मांजराएवढा प्राणी आहे. तो संकटात सापडला म्हणजे ह्याच जातीच्या पिशव्यांतील द्रव शत्रूच्या तोंडावर फवारतो. त्याच्या दुर्गंधापुढे मोठे प्राणीही माघार घेतात. आपल्याकडील तरस गुदाजवळच्या पिशवीतील लेप गवताच्या काड्यांना लावून आपल्या वावराच्या खुणा ठेवते.

हा गंध निर्माण कसा होतो, ह्यावर उत्तम प्रकाश पडला तो भारतीय मुंगसाच्या अभ्यासाने. एम. एल. गॉर्मन ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ साली असे दाखवून दिले की, लहान भारतीय मुंगसाच्या गुदाजवळील पिशवीत जीवाणूंची वस्ती असते. ग्रंथींतून आलेल्या द्रव्यांवर हे जीवाणू क्रिया करतात आणि त्यांतून सहज उडून जाणारी आम्ले तयार होतात. ह्या आम्लांचे परस्परांतील प्रमाण प्रत्येक मुंगसात वेगळे असते, आणि त्या प्रमाणावरून एक मुंगूस दुसऱ्याला ओळखू शकते. कुत्र्याच्या पिशवीतही जीवाणूंची वस्ती नेहमीचीच असते.

ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. पिशवीत जीवाणू असणे हा रोग नव्हे. ती उबदार, ओलसर आणि बहुतांशी बंद जागा आहे. जोपर्यंत तेथून निचरा होत असतो तोपर्यंत जीवाणू निरुपद्रवी असतात. निचरा थांबला की तेच उपद्रवी होतात. पुढील सारे विकार ह्या एका गोष्टीतून उद्भवतात.

निचरा होतो कसा आणि थांबतो का?

मलविसर्जनाच्या वेळी घट्ट बांधलेला मल गुदद्वारातून बाहेर पडू लागला म्हणजे तो आतून पिशव्यांवर दाब देतो. बाहेरच्या बाजूस वलयाकार स्नायू असतोच. ह्या दोहोंच्या चिमटीत पिशवी दाबली जाते आणि थोडा स्राव नळीवाटे बाहेर येतो. कुत्रा एकाएकी भ्याला असता स्नायू आवळले जातात आणि पिशवी एकदम रिकामी होते. फटाक्यांच्या आवाजाने घाबरलेल्या कुत्र्याजवळ अकस्मात दुर्गंधी येते, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. ह्यात उपचार करण्यासारखे काही नाही.

ह्यावरून निचरा केव्हा अडतो हेही कळून येईल. मल सतत मऊ किंवा पातळ होत असेल तर पिशवीवर पुरेसा दाब पडत नाही. कुत्रा अतिशय लठ्ठ असेल तर पिशवीभोवती चरबी साचते आणि दाब नीट पोहोचत नाही. स्राव जात्याच दाट असेल किंवा नळी अरुंद असेल तरीही तुंबारा होतो.

आणखी एक कारण आहे व ते सहसा ध्यानात येत नाही. ते म्हणजे कातडीची ॲलर्जी. घरातील धुळीतील सूक्ष्म कीटक, परागकण, पिसवांची लाळ किंवा अन्नातील एखादा घटक काही कुत्र्यांना सोसत नाही. त्यांची कातडी खाजते, कान लाल होतात, पाय चाटण्याची सवय लागते. अशा कुत्र्यांत गुदद्वाराभोवतीची कातडी आणि पिशवीची नळी ह्यांनाही सूज येते व तोंड आकसते. ज्या कुत्र्याच्या ग्रंथी वारंवार तुंबतात त्याचे कान व पंजे अवश्य पाहावेत. रोगाचे मूळ पुष्कळदा तेथे सापडते.

काही जातींत हा विकार अधिक आढळतो. इंग्लंड व त्याच्या शेजारच्या प्रदेशांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांत २०१३ साली आलेल्या एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका वर्षात शेकडा चारांहून किंचित अधिक कुत्र्यांना गुदग्रंथींचा, कर्करोगाखेरीजचा, काही ना काही विकार झाल्याचे आढळले. चपट्या तोंडाच्या जातींत हा संभव लांब तोंडाच्या जातींच्या मानाने अडीच पटींहून अधिक होता. कॅव्हेलियर स्पॅनियल, कॉकर स्पॅनियल, शिह त्झू ह्या जाती त्यात पुढे होत्या. आपल्या शहरांतही लहान आकाराचे व चपट्या तोंडाचे कुत्रे आता घरोघर दिसतात. त्यांच्या मालकांनी ह्या बाबतीत अधिक जागरूक असावे.

विकाराच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी तुंबण्याची. पिशवी भरते, स्राव आटून चिकट होतो, कधी कधी तो ओल्या मातीसारखा घट्ट बनतो. कुत्र्याला जडपणा व खाज जाणवते. तो पार्श्वभाग जमिनीला घासतो, शेपटीचे मूळ चाटतो किंवा चावतो, बसता बसता एकदम दचकून मागे वळून पाहतो. ह्या अवस्थेत वेदना फार नसतात आणि उपचारही सोपा असतो.

दुसरी पायरी दाहाची. तुंबलेल्या स्रावात जीवाणू बेसुमार वाढतात आणि पिशवीची भिंत सुजते. आता स्पर्श सहन होत नाही. मलविसर्जनाला बसताना कुत्रा कण्हतो, किंवा पुन्हा पुन्हा बसून उठतो. स्रावात रक्ताचा अंश दिसू लागतो.

तिसरी पायरी गळवाची. पिशवीत पू साठतो, कातडी लाल, गरम व ताणलेली दिसते. कुत्र्याला ताप येतो, तो अन्न टाकतो, एका कोपऱ्यात पडून राहतो. शेवटी कातडी फुटून पू व रक्त वाहू लागते. पुष्कळ मालकांना रोगाची पहिली जाणीव ह्या वेळीच होते आणि ‘काल काहीच नव्हते, आज एकदम जखम झाली’ असे ते सांगतात. एखादा कुत्रा चावला असावा, असाही त्यांचा ग्रह होतो. वस्तुतः जखम बाहेरून आत गेलेली नसते, आतून बाहेर आलेली असते.

आपल्या उष्ण हवामानात, विशेषतः पावसाळ्यात, ह्या तिसऱ्या पायरीला आणखी एक संकट जोडलेले असते. उघड्या जखमेवर माशा बसतात, अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत त्यांतून अळ्या निघतात. ह्यालाच आपण जखमेत किडे पडणे म्हणतो. ह्यांपैकी एका जातीच्या माशीच्या अळ्या जिवंत मांस पोखरीत आत जातात. जखम शेपटीखाली केसांत दडलेली असल्याने ती लवकर दृष्टीस पडत नाही. अशा जखमेत फिनेल, रॉकेल किंवा चुना घालण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक होय. त्या द्रव्यांनी अळ्या मरोत वा न मरोत, कुत्र्याचे निरोगी मांस मात्र जळते, आणि कुत्रा ते चाटीत असल्यामुळे विष पोटातही जाते.

जंत की ग्रंथी?

जंतांमुळे कुत्रा जमिनीला घासत नाही असे नाही. पट्टकृमी नावाचा चपटा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याच्या शरीराचे तुकडे सुटून गुदद्वारातून बाहेर येतात व तेथे वळवळतात. त्यामुळे खाज सुटते. परंतु हे तुकडे डोळ्यांनी दिसतात. गुदद्वाराच्या केसांना, विष्ठेवर किंवा कुत्र्याच्या अंथरुणावर ते तांदळाच्या किंवा काकडीच्या बियांच्या दाण्यांसारखे आढळतात. ह्या जंताचा प्रसार पिसवांमुळे होतो. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तिच्यातून जंताचे बीज त्याच्या पोटात जाते. म्हणून पिसवांचा नायनाट केल्यावाचून केवळ जंतांचे औषध देण्याने काम भागत नाही. शिवाय जंतांची सर्वच औषधे पट्टकृमीवर चालत नाहीत.

तेव्हा नियम असा ठेवावा : वर्षातून जितक्या वेळा पशुवैद्य सांगेल तितक्या वेळा जंतांचे औषध द्यावेच, पण ते नुकतेच दिलेले असून, दाणे दिसत नसून, कुत्रा तरीही घासत असेल तर तेच औषध पुन्हा देऊ नये. ग्रंथी तपासून घ्याव्यात.

घासण्याची इतरही कारणे आहेत. लांब केसांच्या कुत्र्यात विष्ठा केसांना चिकटून गोळा बनतो व द्वार झाकले जाते. अल्सेशियन जातीच्या कुत्र्यांत गुदद्वाराभोवती खोल, वाहती छिद्रे पडण्याचा एक स्वतंत्र विकार होतो. खच्चीकरण न केलेल्या वयस्क नरांत द्वाराभोवतीच्या वेगळ्या ग्रंथींची गाठ वाढते. ही सर्व गुदग्रंथींपासून भिन्न प्रकरणे आहेत व प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. म्हणून घासणे हे लक्षण समजावे, रोगाचे नाव समजू नये.

जी गाठ दुखत नाही तिचे भय अधिक

आतापर्यंत वर्णिलेले विकार त्रासदायक असले तरी बरे होणारे आहेत. परंतु ह्याच पिशवीच्या भिंतीतील ग्रंथींना कर्करोगही होतो. तो बहुधा प्रौढ व म्हाताऱ्या कुत्र्यांत आढळतो आणि कॉकर स्पॅनियल जातीत त्याचे प्रमाण जास्त असते. हा रोग दोन कारणांनी फसवा ठरतो. एक म्हणजे गाठ पुष्कळदा लहान असते, दुखत नाही आणि बाहेरून दिसत नाही. दुसरे म्हणजे गाठ वाटाण्याएवढी असतानाही तिची बीजे कंबरेच्या आतील बाजूच्या लसीका ग्रंथींत पोहोचलेली असू शकतात.

ह्या कर्करोगाचे एक चमत्कारिक लक्षण आहे. गाठीतील पेशी असे एक द्रव्य निर्माण करतात की, त्यायोगे हाडांतील कॅल्शियम रक्तात येऊ लागते. रोग झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा ते निम्म्या कुत्र्यांत रक्तातील कॅल्शियम वाढलेले आढळते. त्यामुळे कुत्रा एकसारखे पाणी पितो, फार लघवी करतो, अशक्त व मलूल होतो आणि पुढे त्याच्या मूत्रपिंडांना इजा पोहोचते. मालकाला वाटते, म्हातारपणामुळे किंवा उन्हाळ्यामुळे असे होत असेल. रोगाचे मूळ शेपटीखाली आहे हे त्याच्या स्वप्नातही येत नाही.

ही गाठ शोधण्याचा उपाय अगदी साधा आहे. पशुवैद्य हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून ते गुदद्वारात घालतो आणि आतले बोट व बाहेरचा अंगठा ह्यांमध्ये प्रत्येक पिशवी चाचपून पाहतो. ह्या तपासणीस फारसा वेळ लागत नाही. सात-आठ वर्षांच्या पुढील प्रत्येक कुत्र्याची, त्याला काही त्रास असो वा नसो, वर्षातून एकदा लस टोचण्याच्या वेळी ही तपासणी करून घ्यावी. गाठ लहान असताना व पसरण्यापूर्वी काढून टाकली तर कुत्रा पुढे काही वर्षे सुखाने जगू शकतो. एका बाजूची पिशवी वारंवार कठीण लागते आणि पिळूनही लहान होत नाही, असे आढळल्यास ती ‘तुंबली आहे’ असे म्हणून सोडून देणे धोक्याचे होय.

पशुवैद्य काय करतो?

तुंबलेली पिशवी तो वर सांगितलेल्या रीतीनेच, आतले बोट व बाहेरचा अंगठा ह्यांत धरून, हळुवार दाबाने रिकामी करतो. स्राव घट्ट झाला असेल तर नळीतून क्षारजल सोडून तो सैल करावा लागतो. दाह झाला असल्यास कुत्र्याला शामक औषध देऊन पिशवी धुतात आणि तिच्यातच औषध भरतात. गळू झाले असेल तर योग्य जागी छेद देऊन पू काढतात, पोकळी धुतात व वेदनाशामक देतात. प्रतिजैविक औषध द्यावयाचे की नाही हे त्याने ठरवावयाचे असते; प्रत्येक तुंबलेल्या ग्रंथीला त्याची गरज नसते, आणि विनाकारण वापरलेल्या प्रतिजैविकांमुळे जीवाणू त्या औषधांना दाद देईनासे होतात.

वारंवार उपचार करूनही विकार उलटत असेल तर पिशव्या शस्त्रक्रियेने काढून टाकता येतात. कुत्र्याला त्यांच्यावाचून जगण्यास काही अडचण पडत नाही. परंतु ही शस्त्रक्रिया वाटते तितकी किरकोळ नाही. पिशवी दोन स्नायूंच्या मधोमध असून त्या स्नायूंना चालविणाऱ्या मज्जातंतू तेथून जवळच जातात. त्यांना इजा झाल्यास कुत्र्याचा मलावरील ताबा जातो, बहुधा तात्पुरता, पण क्वचित कायमचा. पिशवीचा एखादा तुकडा आत राहिला तर तेथे वाहती जखम होते. म्हणून दाह शमल्यानंतर आणि अनुभवी शल्यकाराच्या हातूनच ती करवून घ्यावी.

पिळावे की न पिळावे?

कुत्र्यांना आंघोळ घालण्याचा व केस कापण्याचा व्यवसाय करणारे पुष्कळजण प्रत्येक वेळी गुदग्रंथी पिळून देतात आणि मालकालाही ते स्वच्छतेचा भाग म्हणून हवे असते. ह्या बाबतीत स्पष्ट सांगितले पाहिजे की, ज्या कुत्र्याला त्रास नाही त्याच्या ग्रंथींना हात लावण्याचे कारण नाही. त्या आपोआप रिकाम्या होतात. बाहेरून चिमटीत धरून वारंवार पिळल्याने नाजूक नळीला इजा होते, सूज येते आणि पूर्वी नसलेला अडथळा निर्माण होण्याचा संभव असतो. शिवाय बाहेरून पिळल्याने पिशवी बहुधा पूर्ण रिकामी होत नाही.

सुजलेली पिशवी घरी पिळणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. भिंत आतल्या आत फुटून पू भोवतालच्या मांसात पसरतो. ज्या कुत्र्याच्या ग्रंथी खरोखरच नेहमी तुंबतात त्याच्या मालकाला पशुवैद्य ही क्रिया प्रत्यक्ष करून शिकवू शकतो. त्याने शिकविल्याप्रमाणे व सांगितलेल्या अंतराने ती करण्यास हरकत नाही. तथापि पिळण्याने पिशवी रिकामी होते, ती का भरते ह्याचे उत्तर मिळत नाही. दर महिन्याला पिळण्याची पाळी येत असेल तर मल, वजन आणि कातडी ह्या तीन गोष्टींची चौकशी करावी.

आहार व नित्याची निगा

ग्रंथींचे आरोग्य बव्हंशी मलाच्या घट्टपणावर अवलंबून असल्याने आहाराला महत्त्व येते. आपल्या देशात पुष्कळ घरांत कुत्र्याला दूध-पोळी किंवा दूध-भात देतात. पिल्लू मोठे होते तशी दुधातील साखर पचविण्याची त्याची शक्ती कमी होत जाते, आणि मग दुधाने मल मऊ होतो. ज्याच्या ग्रंथी तुंबतात अशा कुत्र्याचे दूध काही आठवडे बंद करून पाहावे. ताटातले उरलेले तेलकट, मसालेदार अन्नही देऊ नये. कांदा व लसूण ह्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात, आणि द्राक्षे व बेदाणे ह्यांनी मूत्रपिंडे बिघडू शकतात, हेही येथेच सांगून ठेवणे बरे.

अन्नातील चोथा वाढविल्याने मल भरदार व घट्ट होतो आणि पिशव्यांवर दाब पडतो. ह्यासाठी उकडलेला लाल भोपळा थोड्या प्रमाणात अन्नात मिसळतात. इसबगोलाचा भुसाही चालतो. तो गुजरात व राजस्थानात मोठ्या प्रमाणावर पिकतो आणि सर्वत्र मिळतो. तो कोरडा देऊ नये, अन्नात भिजवून द्यावा व कुत्र्याला पाणी भरपूर ठेवावे. प्रमाण पशुवैद्याला विचारून ठरवावे. चोथ्याने प्रत्येक कुत्र्याला गुण येतोच असे नाही. ज्याच्या त्रासाचे मूळ ॲलर्जीत आहे त्याला तिच्यावरच उपचार करावे लागतात.

वजन ताब्यात ठेवावे. कुत्र्याच्या कुशीवरून हात फिरविला असता फासळ्या सहज हाताला लागल्या पाहिजेत. त्या शोधाव्या लागत असतील तर खाणे कमी करून फिरणे वाढवावे. आठवड्यातून एकदा शेपटी उचलून खालचा भाग नुसता डोळ्यांनी पाहावा. तेथे लाली, सूज, ओल किंवा दोन बाजूंत फरक दिसतो का हे पाहण्यास एक क्षण पुरतो. लांब केस कापून ती जागा स्वच्छ ठेवावी.

पशुवैद्याकडे पोहोचण्यास वेळ लागणार असेल तर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे शेक द्यावा, कुत्र्याला चाटू देऊ नये आणि जखमेवर माशा बसू देऊ नयेत. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारख्या औषधाने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एक सूचना विशेषतः मुलांसाठी आहे. वेदनेने व्याकुळ झालेला कुत्रा, तो कितीही प्रेमळ असला तरी, दुखऱ्या जागी हात लागताच चावू शकतो. त्याची तपासणी मोठ्या माणसांनी, तोंडाला मुसके बांधून करावी. चावा बसलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीविषयी त्याचा सल्ला घ्यावा. घरच्या कुत्र्याला ही लस दरवर्षी टोचलेली असावी हे सांगणे नकोच.

उपसंहार

गुदग्रंथींचा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही असे वाटून पुष्कळ लोक तो टाळतात. पण कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्याजवळ घासणे, चाटणे आणि कण्हणे एवढीच भाषा आहे. ती समजून घेणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य होय. निरोगी ग्रंथींना हात लावू नये, घासणाऱ्या कुत्र्याची वेळीच तपासणी करावी, पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या ग्रंथींचे मूळ शोधावे आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या ग्रंथी दरवर्षी चाचपून घ्याव्यात, ह्या चार गोष्टी पाळल्या तर गळू व शस्त्रक्रिया ह्यांचे प्रसंग पुष्कळ टळतील. आणि जी गाठ उगाच पडून राहिली असती ती एखाद्या वेळी अशा अवस्थेत सापडेल की, कुत्र्याचे प्राण वाचविणे अजून आपल्या हाती असेल.